‘कीप’चं कार्ड

दुपारी चारला छापखान्याचे काका येणार होते आणि ‘कीप’चं कार्ड अजून अर्धवटच होतं.

मुलांसाठी इंग्रजी क्रियापदांचा कोश करायला बाबांनी जवळजवळ चाळीस वर्षं घेतली होती. एका शब्दाला एक कार्ड: वर अर्थ, मध्ये वापर, खाली विरुद्धार्थी शब्द आणि त्याचंही एक वाक्य. आणि एक हट्ट. उदाहरणाचं वाक्य मनाने रचायचं नाही, घरात कानावर पडलेलंच घ्यायचं, आणि कोपऱ्यात बोलणाऱ्याचं नाव लिहायचं. ‘वेट’च्या कार्डावर होतं, “थांब म्हटलं की थांबत जा हो! — सौ.” ‘लाय’च्या कार्डावर, “मी नाही फोडला कप. — थोरली, वय सहा.” कार्ड बाहेर निघालं की आई तोंडाला कुलूप लावायची.

ती थोरली आता बेचाळीस वर्षांची होती आणि बाबांच्या टेबलाशी बसली होती. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. कार्डांचे सगळे खोके तिने तपासून छापखान्यात दिले होते, राहिलं होतं हे एकच कार्ड. अर्थ झाले होते: ठेवणे, जपणे, पाळणे. वापरही होता: “ठेवू का टाकू, एकदाच काय ते सांगा! — सौ., बाराव्यांदा.” विरुद्धार्थीच्या ओळीत मात्र खाडाखोड होती. ‘थ्रो’ लिहून खोडलं होतं, शेजारी बारीक अक्षरात, “ती नुसतं म्हणते, टाकत नाही.” ‘लूज’ही खोडलेलं, “माझं हरवलेलं तिला सापडतं.”

“जागा कोरी राहिली तर मी दुसऱ्या कोशातलं वाक्य उचलून घालीन,” काकांनी फोनवर सांगितलं होतं. “छपाईचे फर्मे थांबलेत.”

बाबांच्या कोशात उसनं वाक्य! तिने स्वतः एक रचून पाहिलं. पण कोपऱ्यात कुणाचं नाव घालणार?

“मी सांगते, लिही,” आत्या सोफ्यावरून म्हणाली. “‘मी कुणाची वस्तू कधी माझ्याकडे ठेवली नाही.’”

“माझी छत्री?” आई आतून म्हणाली.

“ती ठेवली नाही, राहिली!”

थोरलीने आशेने पेन उचललं. तेवढ्यात आई दारात आली, तिने कार्ड पाहिलं, ओठ मिटले आणि आल्या पावली परत गेली.

काका आले ते धापा टाकतच. कार्ड हातभर लांब धरून त्यांनी डोळे बारीक केले, मग सवयीने बाबांचं भिंग ओढलं. ते सुतळीने टेबलाच्या पायाला बांधलेलं होतं. एकदा काका ते चुकून खिशात घालून गेले होते, त्या दिवसापासून. अकरा वर्षं काका या टेबलावर वाकून मुद्रितं वाचत आले होते आणि सुतळी एक वीतही वाढली नव्हती.

“मग, कोरंच?” काकांनी पाठ सरळ करत विचारलं. “छापखान्यात हल्ली मला ‘ब’ आणि ‘व’ सारखेच दिसतात हो.”

आई कात्री घेऊन आली. कुणाकडे न बघता वाकली, सुतळी कापली आणि भिंग काकांच्या पुढ्यात धरलं.

काका दचकले. “वहिनी, अहो, त्यांना आवडलं नसतं हे.”

“मुळीच आवडलं नसतं,” आई म्हणाली. “न्या.”

थोरलीचा हात केव्हाच लिहायला लागला होता. विरुद्धार्थी: ‘गिव्ह’. वापर: “मुळीच आवडलं नसतं. न्या.” कोपऱ्यात तिने ‘सौ.’मधला ‘स’ लिहिला आणि थांबली. मग तो खोडून ‘आई’ लिहिलं.

काकांनी नव्या मालकीच्या भिंगातून कार्ड दोनदा वाचलं. “ठसठशीत आहे,” म्हणाले, कार्ड पाकिटात घातलं, भिंग खिशात घातलं आणि खिसा वरून चाचपत जिना उतरले.

“लिहिलंस ना?” आई म्हणाली. “या घरात तोंड उघडायची सोय नाही. बाप गेला, तर लेक बसली.”

थोरलीला हसू फुटलं. हसता हसताच टेबलाच्या पायाशी उरलेली सुतळी सोडवायला ती खाली वाकली.

“राहू दे ती,” आई म्हणाली.

थोरलीने वर पाहिलं. तिचा हात आपोआप पेनाकडे गेला.

“आणि हे लिहायचं नाही!”