आम्हा चार डब्यांचं गाऱ्हाणं

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. पोटात आता काही नाही, पण होतं तेव्हा चारशे मिलिलिटर नारळाचं दूध होतं, घट्ट आणि पांढरंशुभ्र. जुना म्हणजे फार वर्षांचा नव्हे हो. मला उघडून अजून महिनाही झालेला नाही. पण आमचं आयुष्य झाकण निघेपर्यंतच, त्यानंतर आम्ही म्हातारेच. सध्या मी स्वयंपाकघरातल्या भंगाराच्या पिशवीत एका गंजक्या कुलपाशेजारी पडलोय. भंगारवाला येण्याआधी, मित्रांनो, मला मन मोकळं करायचंय. राग आलाय मला. तो नुसता गिळून मी जाणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. नारळ फोडले, खोबरं किसलं, पिळलं, गाळलं, ऊन केलं आणि ऊन असतानाच माझ्यात भरून वर झाकण गच्च बसवलं. मग अंगावर कागद चिकटवला. त्या कागदावर, पाठीमागच्या बाजूला, ठळक अक्षरांत एक ओळ होती : ‘उघडण्यापूर्वी डबा चांगला हलवा.’ चार शब्द फक्त. का, तर आमचं दूध एका जागी राहिलं की त्यातली साय वर येऊन घट्ट बसते आणि पाणी तळाला जातं. तो काही रोग नाही, आमचा स्वभावच तसा आहे.

दुकानात मात्र आमचे लाड झाले. दुकानवाल्या मावशी फार दक्ष. खोकं उघडलं की त्या एकेक डबा हातात घेऊन फिरवायच्या. चेपलेला दिसला, फुगलेला दिसला, की तडक बाजूला. “पोट फुगलेला डबा घरात न्यायचा नाही, कितीही स्वस्त मिळो,” असं त्या गिऱ्हाइकांना बजावून सांगायच्या. आधी आलेले डबे पुढे, नवे मागे. मला वाटायचं, माणसं सगळी अशीच असतात. भाबडा होतो मी!

एका मंगळवारी एक माणूस आला आणि आम्हा चौघांना उचलून घेऊन गेला. लिफ्ट दुरुस्त करायचं त्याचं काम. त्याच्या वडिलांचं घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि आवाज पार गेला होता. म्हातारबुवा आयुष्यभर एका मोठ्या खानावळीत आचारी होते. रोज तीनशे पानं उठवणारा माणूस, पण आता स्वतःच्या घशाखाली घास उतरेना. लिहून सांगावं, तर अक्षरांशी त्यांचं कधी जमलंच नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, “मऊ, पातळ, ताकदीचं काहीतरी पोटात गेलं पाहिजे. सोमवारी वजन करू. आणखी घटलं तर नाकातून नळी घालावी लागेल.” नारळाच्या दुधातला मऊ भात चालेल, असंही त्यांनीच सुचवलं होतं. म्हणजे सोमवारपर्यंत सहा दिवस, आणि सगळी मदार आमच्यावर. मी तर अंगावर मूठभर मांस चढल्यासारखा फुगलो. मनातल्या मनात हं, पोटाने नव्हे!

त्याने आम्हाला ठेवलं कुठे, तर शेगडीच्या बरोबर वरच्या फळीवर. खालून आच, भोवती वाफ. अरे, आम्हाला गार आणि कोरडी जागा लागते! पण ऐकतो कोण.

पहिल्या भावाला त्याने संध्याकाळी उघडलं. हलवलं? छे! झाकण काढलं तर वर मेणासारखा पांढरा थर. “हे तर नासलंय!” म्हणाला आणि अख्खा डबा मोरीत ओतला. एवढी छान साय गेली पाण्यात. वर तणतणत मावशींच्या दुकानात गेला. मावशींनी साधा प्रश्न विचारला, “हलवला होतात का?” झालं! साहेबांना तो अपमान वाटला. “मी बारा मजल्यांची लिफ्ट चालू करतो, मला डबा उघडायला शिकवू नका,” असं बोलून आला. हे तो घरी बायकोला फुशारकीने सांगत होता, म्हणून मला कळलं.

दुसऱ्या भावाचं काय झालं ते आठवलं की अजून जीव जळतो. त्याला निदान हलवलं होतं. पण दूध भातात ओतल्यावर या गृहस्थाने गॅस केला मोठा, अगदी भडकवला. म्हातारबुवा समोर खुर्चीत बसले होते. हातात चमचा, पुढे रिकामी थाळी. त्यांनी चमच्याने थाळीवर एक ठोका दिला. टण्ण.

“होतंय बाबा, होतंय. जरा दम धरा.”

पुन्हा टण्ण. आता जरा जोरात.

“अहो, घाई कसली? मी काय झोपलोय का इथे?”

तिसऱ्यांदा ठोका पडेपर्यंत पातेल्यातलं दूध उकळून फाटलं होतं. पाणी वेगळं, पांढरे कण वेगळे. म्हातारबुवांनी थाळी हाताने दूर सारली आणि भिंतीकडे तोंड केलं. मुलगा बायकोला म्हणाला, “बघितलंस? त्यांना नकोच आहे. मघापासून थाळी बडवून तेच सांगतायत.” मला ओरडावंसं वाटत होतं. पण डब्याला तोंड असतं कुठे? त्या घरात बोलता न येणारे आम्ही दोघं होतो, मी आणि म्हातारबुवा.

सूनबाई कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायच्या, घरी यायला त्यांना सात वाजायचे. तिसरा डबा गुरुवारी त्यांच्या हाती गेला. त्यांनी तेलाच्या डब्याला पाडतात तशी दोन भोकं पाडली आणि सळीने आत टोचलं. साय वर अडकून राहिली आणि बाहेर आलं नुसतं पाणी. म्हातारबुवांनी त्या पांचट भाताचे दोन चमचे सुनेचं मन राखायला खाल्ले असावेत. उरलेला डबा तसाच फ्रिजमध्ये, उघड्या तोंडाने, कापलेल्या कांद्याच्या शेजारी! अहो, बरणीत काढायचं, झाकण लावायचं, तीन-चार दिवसांत संपवायचं. नाहीतर बर्फाच्या साच्यात ओतून गोठवून ठेवायचं. शनिवारी वास आल्यावर तोही फेकला. म्हातारबुवांचे हात तोवर काडीसारखे झाले होते आणि फळीवर एकटा मी उरलो होतो.

रविवारी मुलाने मला खाली काढलं आणि टेबलावर आपटलं. “बाबा, हा शेवटचा. उद्या सोमवार आहे. खायचंय की नाही, एकदा काय ते सांगा!” आवाज चढला होता, पण डोळे भरले होते. माणूस वाईट नव्हता हो. घाबरलेला होता, आणि घाबरलेला माणूस आधी ओरडतो.

म्हातारबुवांनी मला ओढून घेतलं. दोन्ही हातांत धरलं आणि कानापाशी नेऊन हलवलं. हळूहळू, वर-खाली, थांबत, पुन्हा वर-खाली. आतला आवाज बदलेपर्यंत! मित्रांनो, जन्मल्यापासून मला पहिल्यांदा कोणीतरी ओळखलं होतं. मग त्यांनी मला मुलापुढे सरकवलं. मुलाने उघडलं, भातात ओतलं आणि सवयीने गॅस मोठा केला.

टण्ण. एकच ठोका.

मुलगा उसळून काही बोलणार, तेवढ्यात सूनबाई पुढे आल्या. “थांबा हो जरा! आमच्याकडे शिलाईच्या मशिनींचा एवढा आवाज असतो की सुपरवायझरबाई कात्री टेबलावर आपटूनच सगळं सांगतात. बाबांच्या खानावळीतही गोंगाट असणारच की.” मग त्या सासऱ्यांसमोर वाकल्या. “बाबा, एक ठोका म्हणजे काय? गॅस बारीक करू?”

म्हातारबुवांनी मान इतक्या जोरात डोलावली की टोपी पडली.

एक ठोका, गॅस बारीक. दोन ठोके, ढवळ. तीन ठोके, उतरव. एवढंच होतं सगळं! चाळीस वर्षं त्यांनी याच भाषेत भटारखाना चालवला होता आणि पोटच्या पोराला ती ठाऊक नव्हती. पोराने विचारलंच नव्हतं. माणसाची वाचा गेली म्हणजे त्याची अक्कलही गेली, असं धरून चालले होते सगळे. तीन ठोके पडल्यावर पातेलं उतरलं. भात कसा झाला होता म्हणून सांगू! लोण्यासारखा. म्हातारबुवांनी वाटीभर खाल्ला, सावकाश, अर्धा तास लावून. मुलगा समोर बसून प्रत्येक घास मोजल्यासारखा बघत होता. मी ओट्यावर रिकामा उभा होतो आणि मला वाटलं, जिंकलो.

कसले जिंकलो? सहा दिवसांच्या उपासापुढे एक वाटी कुठवर पुरणार? सोमवारी वजनाचा काटा आणखी खाली आला होता. डॉक्टरांनी नळी घातली, निदान महिनाभर तरी तोंडाने काही नाही. एवढ्या मोठ्या आचाऱ्याचं जेवण आता पिचकारीने नाकातून जातं. चार डबे होते, मित्रांनो. चारही नीट वापरले असते, तर कदाचित ही वेळ आली नसती. हे “कदाचित” मला या पिशवीतही बोचतंय.

आता मुलगा रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात उभा राहतो. मावशींची माफी मागून त्याने नवे डबे आणलेत आणि ते शेगडीपासून दूर, गार कपाटात ठेवलेत. तो डबा हलवतो, आधी वडिलांच्या कानाशी नेतो, मगच उघडतो. ते ठोके देतात, तो ऐकतो. भात रोज उत्तम होतो. हा भात सूनबाई खातात, मुलगा खातो, आणि म्हातारबुवा नाकात नळी घालून समोर बसतात आणि त्या दोघांच्या चेहऱ्याकडे बघून मीठ बरोबर पडलंय का ते ओळखतात.

म्हणून हात जोडून सांगतो, आणि रागाने सांगतो. डब्यावर लिहिलेलं वाचा. आणि घरात ज्याला ठाऊक आहे त्याला विचारा. त्याला बोलता येत नसेल तर त्याच्या हातांकडे बघा. पण विचारायचं असेल तर मंगळवारीच विचारा. रविवारी विचारलं तर फार उशीर झालेला असतो.