हारुकाचे अकरा दिवे

"आज्जी, मला पकड. खाली अजून आहेत!"

अन्वी कमरेपर्यंत त्या निळ्या प्लास्टिकच्या पेटीत शिरली होती. मी मागून तिच्या जॅकेटला धरून उभी राहिले. ओसाकातल्या एका अरुंद गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरचं दुकान होतं ते. भिंतींवर छतापर्यंत जुने व्हिडिओ गेम रचलेले. चांगले होते ते काचेच्या कपाटात, आणि जिन्याशेजारी ही पेटी. तिच्यावरची जपानी पाटी अन्वीने फोन धरून वाचून दाखवली होती : 'जंक. तपासलेलं नाही. परत घेतलं जाणार नाही.'

"म्हणजे रबिश," माझा मुलगा यतीन म्हणाला. तो दाराशी दोन्ही सॅक घेऊन उभा होता. "आपण कॉव्हेंट्रीहून इतक्या लांब आलो ते रबिश उपसायला."

"रबिश नाही, डॅड. जंक. डिफरंट असतो."

"कसा डिफरंट?"

"जंकमध्ये चान्स असतो."

अन्वी बारा वर्षांची आहे. जपानला जायचं ठरलं तेव्हा यतीनने देवळांची यादी केली आणि तिने दुकानांची. तिच्या जन्माच्या वीस वर्षं आधीचे खेळ तिला का आवडतात, ते मी विचारलं नव्हतं. मुलांना एखादी गोष्ट का आवडते, ते विचारू नये. बसून बघावं, मग आपोआप कळतं.

ती पेटीतून वर आली तेव्हा तिच्या हातात एका खेळाचं राखाडी रंगाचं, तळहाताएवढं कार्ट्रिज होतं. तिने ते उलटं केलं. पाठीवर काळ्या पेनाने, जाड आणि वाकड्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं.

"आज्जी, कोणीतरी नाव लिहिला आहे."

दुकानाचे मालक माझ्याच वयाचे असावेत. ते लगबगीने आले, पाठ बघून ओशाळल्यासारखे झाले आणि खिशातून फडकं काढून पुसून देण्याची खूण करू लागले. अन्वीने कार्ट्रिज छातीशी धरलं. "नो, नो! प्लीज!" मग तिने फोन पुढे केला. ते फोनमध्ये हळूहळू बोलले आणि पडद्यावर उमटलं : 'इयत्ता तिसरी, तुकडी दुसरी, हारुका.'

"आमच्याकडेही असंच," मी यतीनला म्हटलं. "कंपासपेटीवर नाव, तुकडी, सगळं."

मालकांनी कोपऱ्यातल्या मशीनमध्ये ते कार्ट्रिज घालून दिलं. पडद्यावर समुद्र दिसला, बेटं दिसली. एका होडीवाल्या मुलीने बारा बेटांवर जाऊन बारा दीपगृहांचे दिवे लावायचे, असा तो खेळ. खाली अर्धवट खेळ जपून ठेवायचे तीन रकाने होते. दोन रिकामे, आणि पहिल्यात नाव : हारुका. नावापुढे अकरा पिवळे ठिपके आणि एक काळा.

अन्वीने त्या नावावर बोट ठेवलं.

"ती अजून आत आहे," ती म्हणाली. "आज्जी, तीस वर्षं! लास्ट दिवा राहिला तिचा."

मालक पुन्हा फोनमध्ये बोलले. त्यांनी बोटाने एक लहान गोल काढून दाखवला. पडद्यावर आलं : 'आठवण आतल्या बॅटरीवर टिकते. बॅटरी फार जुनी. कधीही जाईल. क्षमा करा.'

यतीनने लगेच आपल्या फोनवर शोधलं. "बरोबर आहे. बॅटरी बदलली की सेव्ह केलेलं सगळं जातं. सगळेच तसं म्हणतायत. अन्वी, दुसरं काहीतरी घे."

अन्वीने कार्ट्रिज मशीनमधून काढलं, पण पेटीत ठेवलं नाही. "मी घेतलं आणि माझ्या घरी ती गेली तर? मग माझ्यामुळे गेली ना?"

मी म्हटलं, "घे. बॅटरी आपण बदलू. हारुकाला धक्का लागणार नाही."

"आई, तू?" यतीन हसला. वाईट अर्थाने नव्हे. आई हवेतलं बोलली तर मुलगा हसतो तसं. मालक माझ्याकडे बघत होते म्हणून त्याने त्यांना इंग्रजीत सांगितलं, "माझी आई फॅक्टरीत होती. पॅकिंगमध्ये."

फोनने त्याचं जपानी केलं. मालकांनी आदराने मान लववली.

*

पॅकिंगमध्ये मी एकही दिवस नव्हते.

लग्न होऊन मी मिरजेहून इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला आले १९७६ साली, आणि दोन वर्षांनी टेलिफोन एक्स्चेंजची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात लागले. एकोणीस वर्षं सोल्डरिंग केलं, म्हणजे कथील वितळवून बोर्डावर तारा आणि पुर्जे जोडले. शेवटची नऊ वर्षं दुरुस्तीच्या बाकावर. तिथे आम्ही सहाच जणी होतो. पण यतीनचे बाबा चारचौघांत म्हणायचे, "श्यामलाचं काय, पॅकिंगला जाते." त्यांना तेवढंच ठाऊक होतं. मीही कधी दुरुस्त केलं नाही. घरी आल्यावर पोळ्या करायच्या असत, आणि पॅकिंग म्हटलं तरी पगार तोच येत होता. कारखाना बंद झाला, मग हेही गेले, आणि पॅकिंग तेवढं राहिलं.

कॉव्हेंट्रीला परतलो त्या रविवारी अन्वी यतीनबरोबर माझ्या स्वयंपाकघरात आली. एका हातात कार्ट्रिज, दुसऱ्यात त्याच दुकानातून घेतलेलं पिवळं पडलेलं मशीन.

"आज्जी, हाऊ?"

"बस. तुला लाइट जाऊ न देता बल्ब बदलायचाय. काय करशील?"

"बल्ब काढला तर काळोख होईल."

"मग?"

तिने विचार केला. मी थांबले. यतीन मध्ये बोलणार होता, मी त्याला हाताने थांबवलं.

"आधी दुसरा लावीन," ती म्हणाली. "मग पहिला काढीन."

"एवढंच. आमच्या बाकावर बोर्ड यायचे. एकेका बोर्डात आख्ख्या गावाचे टेलिफोन नंबर. बॅटरी बदलताना एक जरी क्षण करंट तुटला तर गाव मुकं. आम्ही म्हणायचो : आधी जोड, मग सोड. बाजूने दोन साधे सेल तारेने जोडायचे, मग जुनी बॅटरी काढायची, नवी बसवायची आणि सगळ्यात शेवटी तार काढायची."

"इंटरनेटवर कोणी हे म्हणत नाही," यतीन म्हणाला.

"त्यांच्यामागे गाव नव्हतं," मी म्हटलं.

कार्ट्रिजचा स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरने निघेना. त्याचं डोकं निराळंच होतं. मी बॉलपेनचं रिकामं नळकांडं मेणबत्तीवर मऊ केलं, स्क्रूवर दाबून धरलं आणि गार होऊ दिलं. प्लास्टिकने त्या स्क्रूचा आकार घेतला. हलकेच फिरवल्यावर स्क्रू सुटला. अन्वी म्हणाली, "आज्जी, यू आर अ क्रिमिनल."

मी माळ्यावरचं माझं सोल्डरिंग आयर्न काढून आणलं होतं. ते तापलं, राळेचा तो ओळखीचा वास आला, आणि मी टोक एका जुन्या रेडिओच्या बोर्डावर नेलं. सरावासाठी.

टोक बोर्डावर टेकेना. हात थरथरत होता. चहाचा कप धरताना मला हे जाणवत असे, पण कपाचं काय, थोडा बशीत सांडतो. इथे सोल्डरच्या दोन ठिपक्यांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी जागा. मी आयर्न स्टँडवर ठेवलं. दोघांनीही पाहिलं होतं.

"आई, असू दे," यतीन मऊ आवाजात म्हणाला. "तिला कळतं सगळं. बोलली म्हणून करायलाच पाहिजे असं नाही."

मला तो मऊ आवाज हसण्यापेक्षा जास्त लागला.

"मी शब्द दिलाय," मी म्हटलं. "अन्वी, इकडे बस. माझ्या जागेवर."

*

तीन रविवार आम्ही चॅरिटी शॉपमधून आणलेल्या जुन्या रेडिओंवर हात बसवला. पहिल्या रविवारी तिने सोल्डरचे गोळे केले. मी म्हटलं, छान, साबुदाणा झाला, आता सोल्डर करू. दुसऱ्या रविवारी ती चिडली.

"मला नाही येत!"

"मलाही चार महिने येत नव्हतं. माझी सुपरवायझर डोरीन म्हणायची, आधी तांबं तापव, मग सोल्डर दे. तू सोल्डर तापवतेस. भाकरी टाकायच्या आधी तवा तापवतो की नाही?"

"आपण भाकरी कधी करतो, आज्जी?"

"बरं. पॅनकेक."

तिसऱ्या रविवारी तिचा सोल्डरचा एक ठिपका नीट उतरला. चकचकीत, चारी बाजूंनी सारखा उतरता. मी भिंग लावून पाहिला. मग भिंग तिच्या हातात दिलं. ती बराच वेळ स्वतःचंच काम बघत राहिली. या वयात मुलींचे गाल असे फुलतात ते बघायला मी एकाहत्तर वर्षं जगले असं म्हटलं तरी चालेल.

चौथ्या रविवारी दुपारी जेवण झाल्यावर टेबल पुसलं. अन्वीने हारुकाचं कार्ट्रिज उघडलं. यतीन कपाटाला टेकून उभा राहिला. त्याला मी दिवा धरायला लावलं.

मी मीटरने बॅटरी तपासली. तीनच्या जागी जेमतेम दोन व्होल्ट. ती तग धरून होती एवढंच.

"आधी जोड," अन्वी स्वतःशीच म्हणाली आणि तिने दोन सेलांच्या लाल-काळ्या तारा बोर्डावर जोडल्या. आता हारुका दोन आधारांवर होती.

"आता सोड. श्वास सोडताना टेकव, घेताना नाही."

जुन्या बॅटरीचा एक पाय सुटला. दुसरा सुटला. तिने बॅटरी चिमट्याने उचलून बाजूला ठेवली. आता सगळा भार त्या दोन बारीक तारांवर. नवी बॅटरी तिने जागेवर ठेवली, पहिला पाय बसवला. दुसऱ्या पायाला टोक टेकवलं आणि उष्णता शेजारी पोचली. लाल तारेचं सोल्डर वितळलं. तार बोर्डावरून उचलायला लागली.

"आज्जी!"

"टोक काढू नकोस."

मी बोट घातलं. तार दाबून धरली, बोर्डावर, आयर्नच्या टोकाला लागून. हवेत थरथरणारा हात कशावर तरी दाबला की थरथरत नाही, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

"आज्जी, तुझा बोट!"

"माझ्याकडे नको, तांब्याकडे बघ. सोल्डर दे. दे अजून. बास. आता टोक उचल आणि गार होऊ दे. हलू नको. मोज."

"वन. टू. थ्री." तिचा आवाज कापत होता, पण हात नाही. "फोर. फाइव्ह."

मी बोट काढलं. नवी बॅटरी पक्की बसली होती. यतीनने दिवा खाली ठेवला, माझं मनगट धरून नळाखाली नेलं आणि गार पाणी सोडलं. बोटाच्या टोकाला पांढरा फोड आला होता. पाणी त्याने बराच वेळ चालू ठेवलं.

अन्वीने उरलेल्या तारा काढल्या, बोर्ड पिवळ्या मशीनमध्ये घातला, बटण दाबलं. पडदा काळा राहिला. मग समुद्र आला. बेटं आली. तीन रकाने.

हारुका. अकरा पिवळे ठिपके, एक काळा.

अन्वी उठली आणि तिने मला मिठी मारली, इतकी घट्ट की माझा चष्मा वाकडा झाला.

"बारावा दिवा लावणार का तू?" यतीनने विचारलं.

"नो! तो तिचा आहे." तिने दुसऱ्या रकान्याकडे बोट दाखवलं. "मी इथे माझं सुरू करणार."

तिने बोर्ड परत आणून टेबलावर ठेवला आणि झाकण घेतलं. मी म्हटलं, "थांब. काम अपुरं आहे. नंबर घाल."

"कसला नंबर?"

"ज्या हाताने दुरुस्ती केली त्याचा नंबर बोर्डाच्या कोपऱ्यात घालायचा. बारीक पेनाने. उद्या बिघडलं तर कोणाला विचारायचं ते कळावं म्हणून. आणि नाही बिघडलं, तर ते कोणामुळे, तेही."

"तुझा नंबर होता?" यतीनने विचारलं.

"दोनशे चौदा. डोरीन दोनशे अकरा."

तो टेबलाशी येऊन बसला. "पॅकिंगवाल्यांना पण असतो नंबर?"

"नाही," मी म्हटलं. "पॅकिंगवाल्यांना नसतो."

त्याने जुनी बॅटरी उचलली, बोटांत फिरवली, बोर्डावर तिच्या जागी बसलेल्या नव्या बॅटरीकडे पाहिलं. मग माझ्या बोटाकडे. "एकोणीस वर्षं," तो म्हणाला. "आणि मी त्या जपानी माणसाला..."

अन्वीने पेन उघडलं होतं. "पण आज्जी, माझा नंबर काय?"

कारखान्यात नंबर कोणी कोणाला देत नसे. बाई गेली की नंबर जाई. पण आता कारखान्याच्या जागी घरं झाली आहेत. विचारायला कोणी उरलं नाही.

"दोनशे चौदा घाल," मी म्हटलं.

तिने श्वास सोडला आणि मगच पेन टेकवलं. तीन आकडे, तांदळाच्या दाण्याएवढे, सरळ. शाई वाळेपर्यंत आम्ही थांबलो. मग यतीनने झाकण लावलं, आणि वितळवलेल्या त्या बॉलपेनने स्क्रू हळूहळू घट्ट केला.