व्हर्लिनचं तिसरं पेडल

“गिटारवर तुझंच नाव छापलंय, व्हर्लिन! आणि तुलाच ती वाजवता येईना? वेडी समजलास का मला?”

लॉइस हार्बिन गायला लागली की आख्खं टेनेसी डोळे पुसायचं. भांडायला लागली की मात्र पत्र्यावर दगड पडल्यासारखा आवाज. स्टुडिओतल्या वादकांनी माना खाली घातल्या. ड्रमवाल्यानं तर उगाच स्क्रू पिळायला घेतला.

“येत नाही असं कुठं म्हणालो मी?” व्हर्लिन टॅकेट म्हणाला. “हिच्यात काहीतरी बिघाड आहे.”

“बिघाड तुझ्या गिटारीत आहे. ती बाहेर गाडीत मरून पडलीय. ही तर कोरी करकरीत!”

तेवढं खरं होतं. सकाळी येताना कुत्रं आडवं आलं म्हणून त्यानं करकचून ब्रेक मारला आणि मागची गिटार पेटीसकट दणकन पुढं आदळली. खालच्या सळया वाकल्या. कुत्रं मजेत शेपूट हलवत पलीकडं गेलं. आता मागून आणलेली दुसऱ्याची स्टील गिटार त्याच्यापुढं होती आणि तिच्या पुढच्या पट्टीवर सोनेरी अक्षरांत होतं, टॅकेट.

त्यानं परत सुरू केलं. स्टील गिटार गळ्यात अडकवत नाहीत, ती टेबलासारखी चार पायांवर उभी असते. तारा आडव्या, वरून फिरवायला डाव्या हातात पोलादाचा दांडा, आणि खाली डाव्या पायाशी तीन पेडलं. पेडल दाबलं की सळई तार खेचते आणि सूर जागच्या जागी वर चढतो, कुणीतरी हुंदका गिळायला जावं आणि तो गिळता येऊ नये तसा. व्हर्लिननं सवयीनं अगदी डावीकडचं पेडल दाबलं. हुंदका आलाच नाही. भलताच सूर वर उडाला, शेजारणीनं मध्येच तोंड घालावं तसा.

“झालं!” लॉइस म्हणाली. “माझा नवरा मेलाय गाण्यात, व्हर्लिन. आणि तू दारावरची घंटा वाजवतोयस.”

व्हर्लिन आपल्या बुटाकडं बघत बसला. त्याला काही कळेना. पाय त्याचाच होता.

हा हुंदका त्याचाच होता, हे तर गावात सगळ्यांना माहीत होतं. पूर्व टेक्ससमध्ये तेलविहिरीवरची माणसं पगार झाला की ज्या बियर हॉलमध्ये एकमेकांची डोकी फोडायची, तिथं त्यानं तो पहिल्यांदा वाजवला होता. भंगारातल्या फोर्डच्या ब्रेकची सळई काढून तारेला जोडलेली. त्या रात्री म्हणे हाणामारी थांबली आणि एक धिप्पाड गडी भिंतीकडं तोंड करून आईच्या नावानं रडला. मग व्हर्लिन इथं, गाणी रेकॉर्ड होणाऱ्या नॅशव्हिलला आला. पुढं जे कुणी दुःखाचं गाणं करायला घ्यायचं, ते आधी विचारायचं, टॅकेट मोकळा आहे का? मोकळा नसला तर त्याच्यासारखं वाजवणारा कुणीतरी बघा.

त्याच्यासारखं वाजवणारे आता गल्लोगल्ली झाले होते. त्यातलाच एक कोपऱ्यात उभा होता. केंडल सँडलिन, ही गिटार त्याचीच. पंचविशीचा, कल्ले राखलेला, तळलेल्या बोलोनी सॉसेजचं सँडविच हातात. व्हर्लिनची गिटार मोडल्याचं कळल्यावर रेकॉर्डिंग करणाऱ्या हॉइटनं त्याला फोन केला होता. तो बिचारा गिटार घेऊन धावत आला होता.

“सर,” केंडल म्हणाला, “ही तुमचीच मांडणी आहे. आम्ही सगळे अशीच वाजवतो.”

“माझी? माझं रडकं पेडल डावीकडं असतं.”

“उजवीकडं सर. तिसरं.”

“पोरा, माझा पाय आहे तो! मला नाही कळणार?”

“मग आम्ही सगळे...” केंडल बोलायचा थांबला. सँडविच त्यानं पियानोवर ठेवलं. पियानोवाल्यानं उचलून परत त्याच्या हातात दिलं.

“हे बघा, मला घोळात घालू नका,” लॉइस म्हणाली. “आज या गाण्यावर ज्याचं स्टील राहील, तो उद्या टल्साच्या कार्यक्रमाला निघणाऱ्या बसमध्ये बसेल. लोक रेकॉर्ड ऐकून येतात. रेकॉर्डवर जे आहे तेच मला स्टेजवर पाहिजे. मग तो कुणी का असेना.”

लॉइसच्या बसमध्ये खिडकीजवळची दुसरी सीट त्याची होती. तिचं पहिलं लग्न, दुसरं लग्न, तिची आई गेली तेव्हाचा मुक्काम, सगळं त्या सीटवरून बघितलेलं. ती सीट गेली तर तो बसणार कुठं, हेच त्याला समजेना.

“तुला कुणी सांगितलं रे, तिसरं म्हणून?” त्यानं केंडलला विचारलं.

“सांगायला कशाला पाहिजे? मी बघितलं ना! लहान होतो. टेक्सार्कानाच्या जत्रेत तुमच्या अगदी समोर बसलो होतो, स्टेजला नाक लावून. तुम्ही पुढून काळं कापड सोडायचात.”

तेव्हा सगळेच स्टीलवाले सोडायचे. खालची जोडणी ज्याची त्याची. दुसऱ्या स्टीलवाल्यानं वाकून बघितलं तर दात पडायचे.

“पण कापडाखालून बूट दिसायचा,” केंडल म्हणाला. “मी पॉपकॉर्नच्या खोक्यावर काढून घेतलं. कुठलं पेडल दाबल्यावर रडतं, ते. पुढं माझा मामा गिटारीच्या कारखान्यात लागला. त्यानं तसंच बसवलं आणि मालकानं तुम्हाला फोन करून विचारलं, तुमचं नाव देऊ का. तुम्ही हो म्हणालात.”

“म्हणालो असेन. अंडी तळत होतो तेव्हा.”

“समोर बसला होतास?” हॉइटनं काचेमागून माईकवर विचारलं. “म्हणजे त्याच्याकडं तोंड करून?”

“मग काय पाठ करून बसणार होतो?”

मग ड्रमवाला फिसकन हसला आणि लगेच खोकला. व्हर्लिननं आपला डावा हात वर केला. समोरच्या केंडलनंही नकळत उजवा वर केला. दोघं एकमेकांच्या हातांकडं बघत राहिले, आरशात माशी बसलेली दिसावी तसे.

“हे भगवंता,” केंडल पुटपुटला. “आख्खं गाव उलटं शिकलंय.”

“उलटं कसं?” गिटारवाला म्हणाला. “चाळीस माणसं एका बाजूला आणि हा एकटा. उलटा हा!”

व्हर्लिनला राग यायला हवा होता. पण राग नेमका कुणावर काढायचा तेच कळेना. पोरानं चोरलं होतं, पण चोरलं तेही चुकीचं. आणि त्या चुकीवर त्याचं सोनेरी नाव होतं.

“मी वाजवतो,” तो म्हणाला. “तिसरं तर तिसरं.”

बुटाकडं नजर लावून त्यानं आख्खं गाणं वाजवलं. घाम फुटला. पाय डावीकडं पळायचा, तो ओढून उजवीकडं आणायचा. ओढताना गुडघा गिटारीखालच्या, गुडघ्यानं ढकलायच्या खटक्याला लागायचा, तोही सांभाळायचा. पण एकही सूर चुकला नाही. संपल्यावर त्यानं लॉइसकडं बघितलं. ती नखं बघत होती.

“आता तू,” ती केंडलला म्हणाली.

“मॅडम, सर असताना मी...”

“बस म्हटलं ना!”

केंडल बसला. व्हर्लिन बाहेर जाऊन कोलाच्या मशीनला टेकून उभा राहिला. भिंतीतून नुसती धडधड ऐकू येत होती. तो परत आला तेव्हा हॉइट टेप मागं फिरवत होता.

“दोन्ही लावतो,” हॉइट म्हणाला. “कुठलं कुणाचं ते सांगत नाही. लॉइस, तू निवड. म्हणजे नंतर माझ्या नावानं शंख नको.”

पहिलं वाजलं. नीटनेटकं. वेळेवर येणारं, वेळेवर जाणारं, हात बांधून उभ्या राहिलेल्या पोरासारखं. व्हर्लिनला त्या पोराची जरा दयाच आली. मनात म्हणाला, केंडल, बाळा, मोज कमी आणि ऐक जास्त.

मग दुसरं. सूर लॉइसच्या शब्दामागं जरा रेंगाळला, आता येत नाही वाटेपर्यंत थांबला आणि मग चढला. ड्रमवाल्याचे हात थांबले. लॉइसनं डोळे मिटले. व्हर्लिनच्या मानेवर काटा आला. बियर हॉलमधला तो धिप्पाड गडी त्याला दिसला, भिंतीकडं तोंड केलेला.

“हे!” लॉइस म्हणाली. “हेच. माझा व्हर्लिन तो हाच.”

“मग!” व्हर्लिन खुर्चीवरून अर्धा उठला. “पायाकडं बघून वाजवलं म्हणून काय झालं? हात माझेच ना!”

हॉइटनं काचेमागं चष्मा काढला. पुसला. परत घातला.

“व्हर्लिन... दुसरं केंडलचं आहे.”

“छट्.”

“पहिलं तुझं.”

“परत लाव.”

त्यानं परत लावलं. व्हर्लिन कान देऊन ऐकत राहिला. हे त्याचंच होतं. रेंगाळणं त्याचं, चढणं त्याचं, शेवटी सूर सोडून देताना दांडा किंचित थरथरतो तेही त्याचं. आणि पहिलं ऐकावं तर तो कुणीतरी शिकाऊ माणूस, ज्याला त्यानं बसमध्ये सामानाच्या जागीसुद्धा घेतलं नसतं. मग आपण कोण? हे वाजवणारा की ते वाजवणारा? त्यानं केंडलकडं बघितलं. केंडलला रडू येत होतं की काय, ते त्याचं त्यालाही कळत नसावं.

“सर, मी टल्साला जात नाही,” केंडल म्हणाला. “शपथ. माझी बहीणही बाळंत व्हायचीय.”

“गप रे,” लॉइस म्हणाली, पण आवाजात दगड नव्हते. ती व्हर्लिनजवळ आली, त्याच्या कॉलरवरचा नसलेला कचरा झटकला. “मी बोलून बसले. मला काय माहीत होतं... तूच सांग. काय करू?”

“त्याचं ठेव.”

“आणि बस?”

“बोललीस ना तू? रेकॉर्डवर जो, बसमध्ये तो. खिडकीजवळची दुसरी सीट, पोरा. खालचा पत्रा तापतो, पाय वर घे.”

“अरे, पण रेकॉर्डवर तूच आहेस की!” लॉइस एकदम चिडून म्हणाली. “मी काय बहिरी आहे? तूच आहेस तो!”

“असेन,” व्हर्लिन म्हणाला. “मलाही तसंच वाटलं.”

“मग रेकॉर्डवर नाव कुणाचं घालू?” हॉइटनं विचारलं.

व्हर्लिननं बोटांतल्या तारा छेडायच्या नख्या काढल्या, खिशात टाकल्या, परत काढून बघितल्या, जणू त्याही दुसऱ्याच्या निघतील.

“कुठं निघालास?” लॉइस ओरडली. “बोलणं अर्धवट टाकून?”

“नदीपलीकडं तो गिटारीच्या सळया सरळ करणारा आहे, तो दुकान लवकर बंद करतो. मला आता निघायलाच हवं.”