नववी चूक

माझे धाकटे दीर निवृत्त झाले आणि कलावंत झाले. दोन्ही एकाच आठवड्यात. चौतीस वर्षं विमा कंपनीत बसून त्यांनी लोकांच्या अर्जांतल्या चुका काढल्या होत्या. आपल्या हातूनही एखादी होऊ शकते, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

त्यांनी लाकडी कॅमेरा आणला. भाता असलेला, तिवईवर उभा करायचा, काळं फडकं डोक्यावर घेऊन आत बघायचं. एका वेळी एकच फिल्म, तळहाताएवढी. "मोबाइलवर काय वहिनी, माकडसुद्धा फोटो काढतं," असं म्हणायचे. माकडाच्या फोटोत निदान काहीतरी दिसतं, असं मी मनात म्हटलं. पहिल्या महिन्यात मी अशा गोष्टी मनातच म्हणत होते.

पहिल्या फोटोच्या वेळी फिल्म झाकणारी पट्टी ओढायचीच राहिली. दुसऱ्या वेळी फिल्म उलटी घातली. तिसऱ्या वेळी शेजारचे मास्तर अर्धा तास मान ताठ ठेवून बसले, आणि भावजींनी ती फिल्म चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरच्या आधी ते पक्कं करणाऱ्या फिक्सरमध्ये बुडवली. काचेसारखी कोरी निघाली. भावजींनी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि गंभीरपणे म्हणाले, "रिकामेपणसुद्धा काही सांगत असतं, वहिनी."

"हो. ट्रे चुकला, असं सांगतंय."

मला बोलायचा हक्क होता. एकतीस वर्षं मी इस्पितळाच्या एक्स-रे विभागात फिल्म धुतल्या. अर्ध्या गावाच्या बरगड्या माझ्या हाताखालून गेल्या. आणि हे गृहस्थ अडगळीच्या खोलीत तीन ट्रे मांडून मला अंधार म्हणजे काय ते समजावत होते! "खोक्यावर लिहिलेलं वाचता येत नाही का?" हे मी पुढचे सात महिने रोज विचारत होते.

त्यांनी चुकांची वही ठेवली होती, क्रमांक घालून. पण कारणाच्या रकान्यात ते स्वतः कधीच नसायचे. पाणी जड होतं. फिल्म जुनी होती. मास्तर हलले.

मग आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, फोटोला बसायचं कबूल केलं. आप्पा शिंपी. वय एकोणनव्वद. जन्मभर लोकांना आरशापुढे उभं केलं, पण स्वतः कॅमेऱ्यापुढे कधी आले नाहीत. आता म्हणाले, "काढ बाबा. नाहीतर मी गेल्यावर कुणाच्या तरी लग्नाच्या गर्दीतून माझं मुंडकं कापून मोठं कराल." स्वतः शिवलेला काळा कोट घालून ते खिडकीपाशी बसले आणि श्वाससुद्धा जपून घेतला.

फोटो निघाला. भावजी फिल्म घेऊन आत निघाले, तसा मी दरवाजा अडवला. "आप्पांच्या फोटोची माती करायची नाही. द्या इकडे. तुम्ही बाहेर थांबा."

मी आत गेले, कडी लावली आणि सवयीने लाल बल्ब लावला. फिल्म डेव्हलपरमध्ये सोडली. दोन मिनिटांत ती काळी पडायला लागली. चेहरा नाही, कोट नाही, अख्खी फिल्म तव्यासारखी काळी.

तेव्हा मी खोकं उचलून वाचलं. 'संपूर्ण अंधारात धुवावी.' आमच्या एक्स-रेच्या फिल्मला लाल उजेड दिसत नसे. हिला सगळेच रंग दिसत होते, लालसुद्धा. हे त्या खोक्यावर बोटभर अक्षरांत छापलं होतं.

बाहेर भावजी हातात टॉवेल घेऊन उभे होते. "काय झालं?"

मी म्हटलं, "फोटो काढताना तुम्ही उजेड फार दिलात."

वाटलं होतं, भांडतील. पण त्यांनी काळी फिल्म नीट पाहिली, वही उघडली आणि लिहिलं: क्रमांक नऊ. उजेड जास्त. चूक माझी.

आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी चूक स्वतःच्या नावावर लिहिली, आणि ती नेमकी माझी होती.

तरी मी गप्प बसले. पुढच्या रविवारी आप्पा पुन्हा बसले. भावजींनी माझ्यावर विश्वास ठेवून उजेड चौथाईवर आणला. फिल्म त्यांनीच धुतली, पूर्ण अंधारात, अगदी बरोबर. त्यावर आप्पांची टाळू, पांढऱ्या भुवया आणि पुढे नुसता धूर आला. कोट गायबच. आप्पांनी पाहिलं आणि विचारलं, "मी अजून आहे ना रे?"

संध्याकाळी भावजी कॅमेऱ्याचा भाता दुमडत होते. "वहिनी, तुम्ही म्हणत होता तेच खरं. हे आपलं काम नव्हे."

मी जिंकले होते. पण तो विजय काही घशाखाली उतरेना.

"भावजी, पहिल्या वेळी उजेड बरोबर होता. मी आत लाल बल्ब लावला होता."

त्यांनी भाता हातातून सोडला. "लाल बल्ब?"

"हो."

"एकतीस वर्षं अंधारात काढून?"

"हो म्हटलं ना!"

मग ते हसायला लागले. हसता हसता खाली बसले. उठले ते फोन करायलाच. मोठ्या नणंदेला, मास्तरांना, त्यांच्या जुन्या साहेबांनासुद्धा. वहीतलं 'माझी' खोडून 'वहिनींची' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. इतका हलका माणूस मी पाहिला नाही. आणि मला तोंड वर करायची सोय नव्हती.

"तिसऱ्यांदा तर मी गिऱ्हाइकालाही मापाला बोलावत नसे," आप्पा कुरकुरले, पण बसले. या वेळी आम्ही दोघंही आत गेलो. बल्ब काढूनच टाकला होता. मी आकडे मोजत होते, ते ट्रे हलवत होते. अंधारात त्यांचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. "सॉरी" म्हणताना त्यांनी फिल्मचा कोपरा चिमटीत धरला, त्यामुळे तिथे त्यांचा अंगठा कायमचा उमटलाय. पण आप्पा आले. गालावरच्या सुरकुत्या, कोटाच्या कापडाची वीण, आणि आम्हां दोघांकडे पाहून डोळ्यांत मावत नसलेला वैताग.

मोठा कागदी फोटो झाल्यावर आप्पांनी भिंग मागितलं. चेहऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"डावा खांदा पडलाय."

"तुम्ही वाकून बसला होतात, आप्पा," भावजी म्हणाले.

"मी नाही. कोट. चाळीस वर्षं घालतोय, आणि मला दिसलं नाही." त्यांनी स्वतःलाच एक शिवी हासडली, कोट मागवला, मांडीवर पसरला आणि खांद्याची शिवण उसवायला घेतली. सुईत दोरा ओवायला मला बसवलं.

भावजी पुढे झाले, तर आप्पा फोटोतल्या अंगठ्यावर बोट ठेवून म्हणाले, "तू आधी हात धुऊन ये."