लेकुरवाळ्यांनी आधी यावे

लाऊडस्पीकरवरची बाई "लहान मुलं सोबत असलेल्या प्रवाशांनी" एवढंच बोलली आणि नानाजींनी दोन बॅगा दोन हातांत घेतल्या, तिसरी पिशवी गळ्यात अडकवली. तिचं वाक्य पूर्ण होईपर्यंत ते रांगेच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले होते. मागे वळून पाहिलं, तर लहान मूल सोबत नव्हतं.

मूल, म्हणजे त्यांची नात नंदिनी, दूर काचेच्या भिंतीला लागून धावत होतं. अजून दोन वर्षांचीही झाली नव्हती, पण पायाला भिंगरी. लाल फ्रॉक, एका पायात बूट. दुसरा बूट हातात घेऊन तिची आई दिव्यानी मागून चालत होती. धावत नव्हती, चालत होती.

"चाल ना बाई," नानाजींनी लेकीला हाक मारली. "आपल्याले बलावलं."

दिव्यानी जवळ आली.

"आतापासून नेऊन बसवलं तर ते रडून रडून विमान डोक्यावर घेईन, बाबा. सारे लोक चढेपर्यंत मांडीवर दाबून ठेवाचं म्हणजे सोपं हाये का? घडीभर दौडू द्या तिले. तुमी व्हा पुढं. जागा धरा."

नानाजींना हे पटलं. त्यातले 'जागा धरा' हे दोन शब्द पटले, असं म्हणणं जास्त बरोबर होईल. नानाजी चंद्रपूर डेपोतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. एटापल्लीच्या गाडीवर त्यांची हयात गेली होती, आणि त्या गाडीत माणसाच्या आधी त्याचा दुपट्टा चढायचा. दुपट्टा नसेल तर पिशवी, पिशवी नसेल तर चप्पल, आणि काहीच नसेल तर खिडकीतून लेकरू. लेकरू एकदा आत पडलं की आई दारातून भांडत भांडत सावकाश यायला मोकळी.

गेटवरच्या मुलीने त्यांचा बोर्डिंग पास पाहिला, मग त्यांच्या मागे पाहिलं.

"आणि बाळ?"

"मांगून येते."

"काका, बाळासोबत एकत्र जायचं असतं. बाळासाठीच तर आधी सोडतो आम्ही."

"एसटीतबी लेकरासाठीच जागा धरतात," नानाजी समजुतीने म्हणाले. "पण धराले बुढा जाते."

यावर तिच्याकडे नियम नसावा. शिवाय नानाजींच्या डोक्यावरचे पांढरे केस हेही आधी सोडायला पुरेसं कारण होतं. तिने पास मशीनला लावला आणि नानाजी बोगद्यासारख्या लांब वाटेने विमानात शिरले. आत त्यांच्या आधी कोणीही नव्हतं. सगळं विमान रिकामं असताना आपल्याला जागा मिळाली, याचा त्यांना जो आनंद झाला, तो सांगायला जवळ माणूस नव्हतं.

बॅगा आणि पिशवी त्यांनी वरच्या कप्प्यात स्वतःच्या हाताने लावल्या. खिडकीशी स्वतः बसले. उरलेल्या दोन्ही जागांवर खांद्यावरचा दुपट्टा पसरला. त्यातली कडेची जागा दुसऱ्या कोणाची तरी होती, पण एक जागा जास्तीची धरून ठेवली तर घासाघीस करता येते.

"सर, नंबरची सीट आहे. कोणी घेणार नाही," एअर होस्टेस हसून म्हणाली.

नानाजींनीही हसून मान डोलावली आणि दुपट्टा होता तिथेच ठेवला. रिझर्वेशनचा नंबर खिशात ठेवून आलापल्लीपर्यंत उभे गेलेले सद्गृहस्थ त्यांनी पाहिले होते.

मग त्यांनी लेकीला खूण करायला खिडकीकडे हात नेला आणि त्यांच्या लक्षात आलं की ही खिडकी उघडत नाही.

खिडकीतून समोर इमारतीची मोठी काच दिसत होती. काचेमागे लाल ठिपका या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. नानाजींचा जीव भांड्यात पडला. पण तो तिथे फार वेळ टिकला नाही. सकाळपासून त्यांनी लेकीला एकटं सोडलं नव्हतं. वरोऱ्याला बस थांबली तेव्हा ती "पाणी घेऊन येते" म्हणून उठली, तर नानाजीच तिच्या आधी खाली उतरले होते. नागपूरच्या स्टँडवर ती बाथरूमला गेली, तर हे बाहेर नंदिनीला कडेवर घेऊन दाराशी उभे. आणि आता तेच आत होते, बॅगांसकट, आणि ती बाहेर.

दिव्यानी बाळंतपणाला माहेरी आली, ती राहिली. बारसं झालं, उष्टावण झालं, पहिला वाढदिवस झाला. भद्रावतीत घरी येणारा प्रत्येक माणूस पाण्याचा गिलास खाली ठेवता ठेवता विचारू लागला, "पोरगी कवा जाते?" नानाजी म्हणायचे, "पावसाळा होऊ द्या." पावसाळा झाला. मग म्हणायचे, "थंडी आहे, लेकराले बाधते." विदर्भात तिसरा ऋतूही येतोच, आणि त्याच्यासाठीही त्यांनी कारण दिलं. मग ऋतू संपले.

खरं कारण त्यांना ठाऊक होतं. बायकोने, मनकर्णाबाईंनी, तांदूळ निवडता निवडता सांगितलं होतं. जावई कामावर जाताना बाहेरून कुलूप लावून जाते, पोरगी दिवसभर आत. नानाजींनी जरा विचार केला होता आणि म्हणाले होते, "पुण्यात चोऱ्या होतात." मनकर्णाबाईंनी पुढचा खडा वेचला. त्यानंतर घरात हा विषय निघाला नाही. बायकोला मुद्दा पटला, असं नानाजी धरून चालले.

या खेपेला जावयाने स्वतः विमानाची तिकिटं काढून पाठवली. त्यात पोचवून द्यायला येणाऱ्या सासऱ्याचंही होतं. सासऱ्याला विमानात बसवणारा जावई वाईट असतो का, असं नानाजींनी गल्लीत चौघांना विचारलं. चौघेही नाही म्हणाले. दिव्यानीला कोणी विचारलं नाही. तिने आपणहून बॅग भरली आणि म्हणाली, "तुमी म्हणता तर जाते."

आता विमान भरत होतं. एक बाई दोन लेकरं घेऊन आली, नानाजींनी मान उंचावली. एक बाई लेकरू पोटाशी बांधून आली, नानाजी अर्धे उठले आणि पुन्हा बसले. मग लेकरं संपली आणि नुसती माणसं येऊ लागली. काचेमागे आता लाल ठिपका नव्हता. त्यांनी दिव्यानीला फोन लावला. वाजला, वाजत राहिला, बंद झाला. पुन्हा लावणार तोच त्यांचा स्वतःचा वाजला.

जावई. स्वप्निल. मूळचा वरोऱ्याचाच, पण पुण्याला गेल्यापासून 'मला-तुला' बोलायचा.

"बसलात का, मामा?"

"बसलो."

"दिव्यानी?"

नानाजींनी शेजारच्या दुपट्ट्याकडे पाहिलं.

"बसली."

"फोन उचलत नाहीये ती. द्या बरं तिच्याकडे."

"ते लेकराले झोपवून राह्यली. आताच डोळा लागला."

"बरं. मग दोघींचा एक फोटो काढून पाठवा."

"फोटो काऊन?"

"असंच. बसल्याचा. खात्री असलेली बरी ना, मामा."

"पाठवतो," नानाजी म्हणाले आणि फोन ठेवला. तिकिटं तपासायची सवय असलेल्या माणसाला खात्री या शब्दाची चीड यायचं कारण नव्हतं. साऱ्या नोकरीत त्यांनी दुसरं केलं काय? पण आपल्याजवळ दाखवायला तिकीट नसलं की माणूस सीटवर कसा बसतो, हे त्यांनी आजवर समोरून पाहिलं होतं. आता त्यांचे स्वतःचे गुडघे तसे जवळ आले होते.

वाट मोकळी झाली. वरचे कप्पे धडाधड बंद होऊ लागले. लाऊडस्पीकरवरून नाव घेतलं गेलं, दिव्यानी बोरकुटे, पुन्हा एकदा दिव्यानी बोरकुटे, आणि पुढच्या रांगेतल्या माणसाने घड्याळात पाहून "काय लोक असतात" असं म्हटलं. एअर होस्टेस नानाजींजवळ आली.

"सर, या मॅडम तुमच्यासोबत आहेत ना? येताहेत का त्या?"

नानाजींनी तोंड उघडलं. एवढ्या वर्षांत प्रवासी मागे राहिला म्हणून त्यांनी ड्रायव्हरला गाडी थांबवायला किती वेळा सांगितलं असेल. आता 'हो' म्हणायचं होतं, तर ते दुपट्ट्याचं टोक सरळ करत राहिले.

तेवढ्यात ती दारातून आली.

नंदिनी तिच्या खांद्यावर मान टाकून झोपली होती. दिव्यानी सावकाश आली, प्रत्येक रांगेचा आकडा वाचत. नानाजी तिच्याकडे पाहत राहिले. आता बरं वाटेल, मग वाटेल, अशी त्यांनी वाट पाहिली. ती रांगेशी येऊन पोचली तरी बरं वाटलं नाही.

दिव्यानी बसली नाही. पर्समधून तिने गाठ मारलेली लहानशी पिशवी काढून पुढे केली.

"तुमची बीपीची गोळी माह्याजवळ राह्यली होती."

नानाजींनी पिशवी घेतली.

"हे द्याले आली?"

ती दुपट्टा बाजूला न करता कडेच्या जागेवर टेकली, दवाखान्यात आपला नंबर आपलाच आहे की नाही याची खात्री नसल्यावर टेकतात तशी.

"जावयाचा फोन आला होता," नानाजी खालच्या आवाजात म्हणाले. "फोटो मांगते."

"मांगतातच. सकाळी बसमधी बसली तवाबी पाठवला. इथी पोचली तवाबी."

नानाजी सकाळपासून तिच्या शेजारीच होते. ती नंदिनीचे फोटो काढते आहे, असं त्यांना वाटलं होतं.

"ते कुलूप," त्यांनी विषय काढला. "आता तं नाई लावाचे ना?"

"लावतीन. पण या बारीले एक चावी मले देतो म्हणाले."

"कुलूप बाहेरूनच?"

"हो."

"अन् चावी आतमधी, तुह्याजवळ?"

"हो."

नानाजींनी डोळे बारीक केले. घरातले कडीकोयंडे त्यांनी स्वतःच्या हाताने बसवले होते.

"मंग ते उघडाचं कसं?"

दिव्यानीने सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"मीबी हेच इचारलं," ती म्हणाली. "तं म्हणाले, तुला उघडायचं कामच काय पडणार आहे."

नंदिनी झोपेत कुरकुरली. दिव्यानीने तिची पाठ थोपटली. मागून एक लॅपटॉपवाला धापा टाकत आला आणि रांगेशी थांबून हातातला पास आणि वरचा आकडा ताडून पाहू लागला.

"एक्स्क्यूज मी. ही कडेची सीट माझी आहे."

"तुमचीच हाये," नानाजी म्हणाले. हातात फोन पुन्हा थरथरला. पडद्यावर एकच शब्द होता, 'फोटो', आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. नानाजींनी फोन उलटा करून सदऱ्याच्या खिशात टाकला. मग दुपट्ट्याचं त्यांच्याकडचं टोक ओढलं, लेकीच्या अंगाखालचं टोक ती उठेपर्यंत हातात धरून ठेवलं. ती उठली. त्यांनी दुपट्ट्याची घडी घातली, खांद्यावर टाकली आणि वाकून बाहेर आले. वरचा कप्पा उघडून एक बॅग काढली, दुसरी काढली, मग तिसरी पिशवी.

"काय करून राह्यले, बाबा?"

"पिशवी तू घे. हलकी हाये."

दिव्यानीने पिशवी घेतली. झोपलेल्या लेकराला तिने या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि तोंड दाराकडे केलं.

"सर, प्लीज बसून घ्या," एअर होस्टेस लगबगीने आली. "आता दार बंद करायचं आहे."

नानाजींचे दोन्ही हात बॅगांत गुंतले होते. वाटेत लॅपटॉपवाला उभा होता. त्याला पुढे यायचं होतं आणि कोणी बाजूला का होत नाही, हे कळत नव्हतं. नानाजींनी त्याच्याकडे पाहिलं. आवाज चढवायची त्यांना गरज पडली नाही. गच्च भरलेल्या गाडीतही शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज होता तो.

"आधी उतरनाऱ्याले उतरू द्या, भाऊ."