माझे पुढचे ब्रेक

मित्रांनो, त्या दसऱ्याचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. मी एक जुनी अमेरिकन मोटार आहे. लांब नाक, दोनच दरवाजे आणि आठ सिलिंडरांचे दणकट इंजिन. नागपूरच्या लकडगंजात एका आरा मशीनच्या शेडमध्ये मी राहते. माझा जन्म सातासमुद्रापार झाला. एक परदेशी इंजिनिअर मला जहाजातून घेऊन आला आणि परत जाताना गुलाबचंद नावाच्या लाकडाच्या व्यापाऱ्याला विकून गेला.

दर दसऱ्याला गुलाबचंद आपल्या पत्नीला, पुष्पलताबाईंना, शेजारी बसवून सोने द्यायला निघत. महाल भागातल्या बोळांत लोक सायकली भिंतीला टेकवून मला बघत राहायचे. मिरवायची मला हौसच होती, खोटे कशाला बोलू! मग गुलाबचंद गेले आणि माझ्यावर ताडपत्री पडली. भुशाने माझे दिवे बुजले, टायर बसले, उंदरांनी गादी कुरतडली.

यंदा पुष्पलताबाई मुलाला म्हणाल्या, "संजू, एकदा त्या गाडीत बसून माह्या बहिणीकडे, शोभाकडे सोनं द्यायले जायचं आहे मले. मंग विकून टाकजो तिले."

संजीवने मनावर घेतले. इंजिन सुरू झाले. पण आमचे मेकॅनिक देवाजी यांनी पुढच्या चाकाचा ड्रम उघडला आणि कपाळाला हात लावला. ब्रेकच्या शूवरचा लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारा थर, झिजून नुसता पत्रा उरला होता.

"हे नवे भेटल्याबिगर गाडी फाटकाबाहेर काढायची नाही, भाऊ," ते म्हणाले. "एवढं धूड पुढचेच ब्रेक थांबवतात."

शोध सुरू झाला आणि मी थक्कच झाले. एका दुकानदाराने ट्रकचे शू पुढे केले. दुसरा म्हणाला, "भंगारात द्या ना हिले." मला! भंगारात! शेवटी संजीवने ते परदेशातून मागवले. पार्सल आले ते नेमके खांडेनवमीला. देवाजी सणासाठी भिवापूरला गेले होते. फोनवर त्यांनी बजावले, "मी आल्यावर बसवतो. तोवर हात लावू नका."

खांडेनवमीला आमच्याकडे आऱ्याची पाती, कुऱ्हाडी, रंधे असे सगळे पुसून, तेल लावून पूजेला मांडतात. संजीवने हौसेने माझे नवे शूही त्याच पाटावर ठेवले. पुष्पलताबाईंनी वाटीतले जवसाचे तेल एकेका हत्याराला लावले, हळद-कुंकू वाहिले. माझे लायनर त्यांना फारच कोरडे दिसले, म्हणून तिथे तेल जरा जास्त चोळले. मायेने चोळले. बघून मी भारावून गेले. मला तरी काय ठाऊक होते?

दसऱ्याला संजीवला दम निघेना. त्याने कुंकू फडक्याने पुसले, व्हिडिओ बघत बघत शू बसवले आणि आईला शेजारी बसवले. शेडपासून फाटकापर्यंत उतार आहे. त्याची मुलगी गुंजन आमचा फोटो काढायला फाटकात उभी होती. मी ऐटीत निघाले.

संजीवने ब्रेक दाबला. मी थांबले नाही.

मित्रांनो, मी थांबलेच नाही! त्याने पुन्हा जोराने पाय दाबला. मागची चाके किंचाळली, पुढची मात्र फिरतच राहिली. पोर फोन डोळ्यांपुढे धरून हसत होती.

"गुंजन, सरक वं!" पुष्पलताबाई ओरडल्या.

संजीवने स्टीअरिंग गरकन वळवले आणि मी सागाच्या फळ्यांच्या थप्पीत घुसले. माझा एक दिवा फुटला. माझा आरसा गुंजनच्या ओढणीला लागून गेला होता. ती जागच्या जागी उभी होती, पांढरीफटक.

तेवढ्यात माझ्या पुढच्या चाकांतून गरम तेलाचा वास येऊ लागला. पुष्पलताबाई खाली उतरल्या, चाकाजवळ वाकल्या आणि मटकन तिथेच बसल्या.

"हे तं माह्या वाटीतलं जवसाचं तेल आहे. मीच लावलं गा, संजू."

"मी पुसलं होतं, आई."

"वरतून पुसलं. आत मुरलं असन ते. नवमीले लोखंडाले तेल लावतोच नं आपण? मले काय मालूम, हे कोरडंच पाहिजे म्हणून! काहून नाही विचारलं मी कोणाले?"

"देवाजीनं नाही म्हटलं होतं, आई. घाई मी केली," संजीव म्हणाला.

आता नवे शू पुन्हा मागवले आहेत. या वेळी ते पार्सलमधून थेट देवाजींच्या हाती जाणार आहेत. मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. घरच्या सायकलीवर, गाडीवर माया करा, तिची पूजाही करा. पण तिला काय हवे आणि काय चालत नाही, हे आधी जाणत्याला विचारा. त्या दिवशी माझे वाईट कुणीच चिंतले नव्हते. सगळ्यांनी प्रेमच केले, आणि तरी माझ्या हातून एका पोरीचा जीव जाणार होता.

गुंजन अजून शेडमध्ये येते. मी बंद उभी असते, चाकांपुढे ओंडके लावलेले असतात. तरी ती माझ्या समोरून जात नाही. मागून वळसा घालून जाते.