बायजाबाईंचं मनगट

बायजाबाई आठवडाभर पाठांतर करत होत्या. नातवंडांची नावं, सक्करदऱ्याच्या घराचा नंबर, मेलेल्या नवऱ्याचं गाव, आजचा वार. एकुलत्या एक लेकानं, प्रशिकनं, साफच सांगितलं होतं, "मेंदूचा फोटो चांगला आला त घरी राहशीन. खराब आला त बेसाच्या वृद्धाश्रमात. मंग रडू नको."

निघताना बाई झोपत त्या पुढच्या खोलीत प्लास्टिकात गुंडाळलेली ब्यूटी पार्लरची नवी खुर्ची दिसली. बाईंची खाट भिंतीला उभी केलेली.

"हे काहून वं?"

"झाडून घेते आई," सून मेघा म्हणाली.

दवाखान्यात डॉक्टर चारुशीलांनी समजूत घातली. "घाबरू नका. पूर्वी मनगटातल्या धमनीत नळी घालून रक्त काढत बसावं लागे. आता फक्त एक इंजेक्शन. विसरण्याच्या या आजारात लहान मेंदू बहुधा शाबूत राहतो, त्याच्याशी बाकीचा मेंदू ताडून बघतो."

बाईंना एवढंच कळलं की परीक्षा आहे. पण आत झोपवल्यावर फोटोचं मशीन काही विचारेचना. मग त्यांनी आपणच उत्तरं द्यायला घेतली.

"आजी, ओठ हलले की डोकं हलतं!" मशीनवरची दीप्ती ओरडली.

"अवं पोरी, निदान वार तरी विचार!"

दोन दिवसांनी तिघं पुन्हा डॉक्टरांसमोर बसली.

"त्या आजाराची खूण नाही. वयानं थोडं विसरतात, एवढंच. खुशाल घरी ठेवा."

"पाह्य! म्या म्हटलं नव्हतं?" बाई लेकाकडे वळल्या.

प्रशिक हसला नाही. मेघा त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं घसा खाकरला.

"मॅडम, ते जुनं करा ना. नळीवालं. हे ताडून पाहणं म्हंजे अंदाजपंचेच झालं."

"उत्तर बदलणार नाही. आणि त्यांना फुकट दुखेल."

"दुखू द्या. पक्कं त होईन."

बायजाबाईंचा ऊर भरून आला. लेकराले किती काळजी मायची! त्यांनी स्वेटरची बाही वर सारली आणि सुरकुतलेलं मनगट टेबलावर ठेवलं.

"घाल वं बाई नळी. माह्या पोराचं समाधान होऊ दे."

मग त्यांनी आपणहून सांगितलं, "आज गुरुवार हाय."

वार बरोबर होता.